मधला मजला नाटक मंडळी

कवळीवर हात ठेवून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर ही कवळी कायमची पाण्याच्या पेल्यात राहो आणि मला मरेपर्यंत मऊ भातावर दिवस काढायला लागोत. घरात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. मी राईचा पर्वत करते म्हणे. करतही असेन, हातात राई आली की राहवत नाही. पण ही गोष्ट माझ्या धाकट्या जावेची आहे, आणि तिच्या बाबतीत वाढवून सांगायला जागाच नाही. देवानंच तिला वाढवून पाठवलंय.

उंचीनं नव्हे. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती स्टुलावर चढते आणि चढूनही कुणाला तरी हाक मारते. पण आवाज असा, की ती सातवी अ मध्ये इंग्रजी शिकवायला लागली की सातवी ब आणि सातवी क फुकटात शिकून निघायच्या. अठ्ठावीस वर्षं तिनं हे केलं. शिवाय दरवर्षी गॅदरिंगचं इंग्रजी नाटक तिचंच. लिहायची ती, बसवायची ती, आणि एका वर्षी राजाला गालगुंड झालं तेव्हा मिशी लावून राजाही तीच झाली. मुख्याध्यापकांना पत्ता लागला नाही. त्यांनी राजाला बक्षीस दिलं आणि तिनं ते वाकून घेतलं.

मग भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या धाकट्या दिराला, त्यांच्या कागदाच्या कंपनीनं परदेशी पाठवलं. तीन वर्षांसाठी. भाऊजींना यंत्रं कळतात. मशीनच्या पोटाला कान लावून कुठलं बेअरिंग रुसलंय ते सांगतात. शेजारी बायको रुसली तर मात्र महिनाभर कळत नाही, कारण ती खडखडत नाही. धाकटीनं शाळा सोडली, दोन बॅगा भरल्या आणि त्यांच्यामागून गेली.

शहर मोठं, स्वच्छ, आणि भाषा तिसरीच. ना आपली, ना इंग्रजी. चौथ्या मजल्यावर घर, बाहेर लांबलचक पॅसेज, पॅसेजमध्ये आठ दारं आणि आठही बंद. भाजी घ्यायला जावं तर काट्यावर ठेवायची, काट्यावरचं टोमॅटोचं चित्र दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते, ती चिकटवायची, संपलं. बसमध्ये कार्ड टेकवायचं. औषधाच्या दुकानात नंबराचा कागद धरून बसायचं. तोंड न उघडता माणूस जन्म काढेल अशी सगळी व्यवस्था. आठ महिन्यांत धाकटीचं बाहेरच्या माणसाशी सगळ्यात लांब बोलणं झालं ते त्या औषधवालीशी, आणि तेही हातवारे करून. तिनं ताप, सर्दी आणि घसा असे तीन प्रवेश एकटीनं करून दाखवले. औषधवालीनं तिला पायाचं मलम दिलं.

मी इथून रोज सकाळी फोन करायची. ती म्हणायची सगळं छान आहे. आता तुम्हीच सांगा, धाकटी आणि दोन शब्दांत उत्तर. मी ओळखलंच.

आठव्या महिन्यात एका रविवारी चहा पिताना तिनं भाऊजींना सांगितलं की मला इथं राहवत नाही, मी परत जाते. तुमची दोन वर्षं राहिलीत, ती तुम्ही काढा, मी तिकडून फोन करत जाईन. एकतीस वर्षांच्या संसारात आठवड्याच्या वर वेगळी न राहिलेली माणसं ही. भाऊजी "बरं" म्हणाले. चहात बुडवलेलं बिस्किट हातात तसंच धरून राहिले, आणि ते विरघळून अख्खं कपात पडलं तरी त्यांची बोटं धरलेलीच. तिकीट काढलं. चार महिन्यांनंतरचं, एका मंगळवारचं. बॅग माळ्यावर होती ती तेवढी उतरवायची राहिली.

आणि मग लिफ्ट अडकली.

तिसरा मजला आणि चौथा मजला यांच्या मधोमध. आत धाकटी आणि खाली रस्त्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणारी शिवणवाली, हातात हँगरला लावलेला कुणाचा तरी कोट. दोघी एकमेकींकडे बघून कसनुशा हसल्या आणि आपापल्या भिंतीकडे बघायला लागल्या. दहा मिनिटांनी वरच्या फटीतून एक भलामोठा चेहरा डोकावला आणि इंग्रजीत म्हणाला, "शांत रहा. दारं ढकलू नका. मदत येत आहे." मी तुम्हाला मराठीत सांगतेय, तो बोलला इंग्रजीत, आणि असं बोलला जसं भिंतीवरच्या पाटीला तोंड फुटलंय. हा लिफ्टवाला. तोही परक्या देशातूनच आलेला, आणि इंग्रजी शिकला होता ती लिफ्टच्या खोक्यांवरच्या सूचना वाचून.

आठ महिन्यांनंतर धाकटीच्या कानावर अख्खं वाक्य पडलं होतं. कर्ता, कर्म, क्रियापद. तिनं त्याला विचारलं की तू कुठला, कधी आलास, मुलं किती. तो पाना फिरवत म्हणाला, दोन, एकूण वजन साठ किलो. इकडे शिवणवालीलाही कंठ फुटला. लहानपणी शेजारच्या रेडिओवर इंग्रजी ऐकून ती शिकली होती. बोलायची झरझर, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. तिघं जे बोलत सुटले ते बोलतच सुटले. वीस मिनिटांनी लिफ्ट दुरुस्त झाली. धाकटी म्हणाली, एवढ्यात चालू करू नकोस रे. लिफ्टवाल्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं म्हणणारी ती पहिली बाई. त्यानं मान हलवली, पाना खाली ठेवला आणि फटीपाशी मांडी घालून बसला. आणखी चाळीस मिनिटं लिफ्ट तिथंच. खाली लोक जिने चढून दमले, पण इकडे नाटक मंडळीचा पाया पडला. नावही तिथंच ठरलं, मधला मजला. या शहरात आपण सगळे ना वरचे ना खालचे, असं शिवणवाली म्हणाली, आणि धाकटीनं ते उचललं.

चौथं माणूस दाढेनं आणून दिलं. धाकटीची दाढ दुखायला लागली म्हणून ती दातांच्या डॉक्टरणीकडे गेली, तर तीही परदेशची, कॉलेजात इंग्रजी शिकलेली, बोलणं लोण्यासारखं. खुर्चीत आडवं करून तोंडात कापूस कोंबून तिनं धाकटीला विचारलं, काय करता, शहर आवडलं का, करमतं का. विचार करा, आठ महिने जिची कुणी चौकशी केली नाही तिला पहिल्यांदा तीन प्रश्न विचारले गेले आणि तोंडात कापूस. कापूस निघाल्यावर अर्धं तोंड सुन्न असताना तिनं जे उत्तर दिलं ते पाऊण तास चाललं, आणि बाहेरचे दोन पेशंट दाढ दुखायची थांबली म्हणून घरी गेले. डॉक्टरीण म्हणाली की मी दिवसभर तीनच शब्द बोलते, उघडा, मिटा, थुंका. मला नाटकात घ्या.

आता जागा पाहिजे. कोपऱ्यावरच्या वाचनालयावर एक हॉल होता, साठ-सत्तर खुर्च्यांचा, एका टोकाला वीतभर उंचीचं लाकडी स्टेज. वाचनालयाच्या बाई तिथल्याच, तोंडावरची माशी हलू न देणाऱ्या, इंग्रजी मोजून-मापून बोलणाऱ्या. गुरुवारची संध्याकाळ टेबल टेनिसवालेही मागत होते. बाईंनी धाकटीला सांगितलं की तीन महिने तालमीला या, मग एक प्रयोग करा. मी रजिस्टर घेऊन बसेन. चाळीस माणसं शेवटपर्यंत बसली तर गुरुवार कायमचा तुमचा. नाहीतर टेबल टेनिस. आधी एक गाण्याचा ग्रुप होता, त्यांची माणसं मध्येच उठून गेली, मी मोजली होती, असंही वर ऐकवलं.

प्रयोगाची तारीख शनिवारची पडली आणि तिकीट त्याच्या पुढच्या मंगळवारचं. धाकटीनं घरी येऊन भाऊजींना सरळ सांगितलं, "गुरुवार मिळाला तर मी राहते. नाही मिळाला तर मंगळवारी जाते. मला मध्येच लोंबकळत ठेवू नका म्हणजे झालं." भाऊजी "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून टाकाऊ फळ्या आणून नाटकाला लागणारं बाकडं ठोकायला बसले. तीनदा तीच फळी रंधली. मग धाकटीला कळलं की मशीनला कान लावणारा माणूस कधी कधी इकडेही कान लावतो.

नाटक तिनंच लिहिलं. रेल्वे स्टेशनची वेटिंग रूम. बारा वर्षं न बोललेले भाऊ-बहीण तिथं अचानक भेटतात, गाडी लेट आहे, आणि स्टेशनमास्तर बाई दर थोड्या वेळानं येऊन आणखी उशीर सांगते. भाऊ म्हणजे लिफ्टवाला, बहीण शिवणवाली, स्टेशनमास्तर दातांची डॉक्टरीण. लिहिलं झकास. पण पाठ कसं करायचं? शिवणवालीला वाचता येत नाही, लिफ्टवाल्याला दिवसभर शाफ्टमध्ये लोंबकळायचं, डॉक्टरणीचे दोन्ही हात दुसऱ्यांच्या तोंडात. तेव्हा धाकटीनं युक्ती काढली. सगळ्यांची वाक्यं आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केली आणि सगळ्यांना पाठवून दिली. शिवणवाली मशीन चालवताना ऐकायची, लिफ्टवाला कानात घालून वर-खाली जायचा, आणि डॉक्टरीण दवाखान्यात मोठ्यानंच लावायची. महिन्याभरात तिच्या पेशंटांना नाटक पाठ झालं. एकाचा दात निघाला तेव्हा तो ओरडला नाही, "गाडी पावणेदोन तास उशिरानं धावत आहे" म्हणाला.

पहिल्या तालमीला धाकटी थक्क झाली. तिघांचे देश तीन, पण इंग्रजी सगळ्यांची सातवी अ ची. जिथं ती श्वास घेते तिथं तिघं श्वास घेत होते. डॉक्टरीण एका वाक्याच्या मध्ये असा खोल, अनुभवी खोकला काढायची की धाकटीनं तिची पाठ थोपटली, म्हणाली, किती सहज करतेस गं, हा खोकला तुला सुचला कसा. डॉक्टरीण लाजली. खोकला कुणाचा होता ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पण माणूस म्हटलं की चुकणारच. लिफ्टवाल्यानं तिसऱ्या आठवड्यात अर्धी वाक्यं गाळायला सुरुवात केली. लांब वाक्य म्हणजे त्याला जादा भार वाटायचा. शिवणवाली उलटी, जिथं रिकामं दिसेल तिथं पदरचं ठिगळ लावायची. तेव्हा धाकटीचा शाळेतला आवाज बाहेर पडला. खालच्या वाचनालयात म्हणे दोन पुस्तकं फळीवरून पडली. ती म्हणाली की रेकॉर्डिंगवर आहे ते सगळं बोलायचं आणि नाही ते काही बोलायचं नाही. एक अक्षर गाळायचं नाही, एक घालायचं नाही. मी जे म्हटलंय ते विचार करूनच म्हटलंय. तिघांनी माना खाली घातल्या. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. आणि त्यांचा तिच्यावर जीव बघाल तर असा, की लिफ्टवाला तिला एकटीला कधी लिफ्टमध्ये चढू देत नसे, आधी स्वतः उड्या मारून बघायचा.

प्रयोगाला पाच दिवस राहिले आणि शेवट पडला. म्हणजे शेवटच्या प्रवेशात भाऊ काही न बोलता निघून जातो, असं धाकटीनं लिहिलं होतं, आणि तालमीत ते बघून खुद्द तिलाच जांभई आली. मग लिफ्टवाला हळूच म्हणाला, "दार बंद होणं म्हणजे शेवट नाही, मॅडम. कुणीतरी बटण दाबायला पाहिजे."

धाकटी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होती. बुधवारी सकाळी तिला सापडलं. भाऊ बहिणीचा हात धरून सांगतो की बारा वर्षं मी तुला दर महिन्याला पत्र लिहिलं आणि एकही टाकलं नाही, कारण माफी कुठल्या शब्दांत मागायची तेच मला समजत नव्हतं. तेव्हा बहीण म्हणते, मग शब्द राहू दे, नुसता बस. आणि गाडी येते. एका हातानं दूध तापवत, दुसऱ्या हातात फोन धरून तिनं ओट्यापाशीच उभं राहून तो प्रवेश रेकॉर्ड केला आणि परत न ऐकता पाठवून दिला, कारण खुर्च्या पुसायच्या होत्या, तिकिटं छापून आणायची होती आणि पडद्याच्या दोऱ्या भाऊजींनी उलट्या बांधल्या होत्या. गुरुवारची तालीम त्यात बुडाली. तिघांनी निरोप दिला की काळजी करू नका, आम्ही आपापसात करतो. केलीही. लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध, तासभर. इमारतीतले लोक परत जिने चढले.

शनिवार, दुपारचे चार. काय थाट सांगू. शिवणवालीनं पडदा शिवला होता, कोटांच्या उरलेल्या अस्तरांचा, एकशे बारा तुकडे आणि दोन तुकडे एका रंगाचे नाहीत. उजेडासाठी लिफ्टवाल्याचे शाफ्टमधले दिवे. आणि तिसरी घंटा म्हणून लिफ्टची घंटी, मजला आल्यावर वाजते ती. माणसं आली त्रेसष्ट. डॉक्टरणीचे पेशंट, कारखान्यातली माणसं, पॅसेजमधल्या आठ दारांपैकी पाच दारं, आणि औषधवाली. कुठल्या कुठल्या देशांची, बहुतेकांना इंग्रजी कामापुरती. दाराशी वाचनालयाच्या बाई रजिस्टर उघडून, हातात पट्टी घेऊन बसलेल्या. त्यांच्यामागे टेबल टेनिसवाले दोघं, बॅटा खिशात.

धाकटी विंगेत उभी, वही छातीशी धरून. हात गार. गॅदरिंगच्या अठ्ठावीस नाटकांत तिचा हात कधी गार पडला नव्हता, पण तिथं नाटक पडलं तर दुसऱ्या दिवशी शाळा होतीच. इथं दुसऱ्या दिवशी काय, तर बॅग.

पण नाटक चढलं. डॉक्टरणीनं पहिला उशीर सांगितला तेव्हा तिचे पेशंट तिच्याबरोबर पुटपुटले. शिवणवाली तिरकं बोलली की लोक हसायचे. लिफ्टवाला पाटीसारखाच बोलायचा, पण बारा वर्षं गप्प राहिलेला भाऊ बोलणार कसा, पाटीसारखाच. कुणी हललं नाही. बाई मान न वळवता मोजत होत्या. तासाभरानं शेवटचा प्रवेश आला.

लिफ्टवाल्यानं शिवणवालीचा हात हातात घेतला. त्या राक्षसाएवढ्या माणसाचा आवाज कापायला लागला. म्हणाला, मी दर महिन्याला पत्र लिहिलं. म्हणाला, एकही टाकलं नाही. म्हणाला, कारण माफी कुठल्या शब्दांत मागायची... इथं तो थांबला, डोळे पाण्यानं भरले, आणि बहिणीकडे बघत, हुंदका आवरत, स्वच्छ मराठीत म्हणाला, "अहो, दूध बघा, उतू चाललंय, गॅस बंद करा."

धाकटीच्या हातातली वही खाली पडली.

रेकॉर्डिंगवर होतं ना ते. ओट्यापाशी उभी होती, दूध वर आलं, भाऊजींना ओरडली आणि पुढचं वाक्य म्हणाली. लिफ्टमधल्या तालमीत तिघांनी ते शंभर वेळा ऐकलं होतं. हे काय आहे, असं शिवणवालीनं विचारलंही होतं. डॉक्टरीण म्हणाली की मॅडमनी विचार करूनच म्हटलंय. इंग्रजी पुरत नाही तिथं माणूस आपल्या आईच्या भाषेत जातो, हेच तर त्यांना दाखवायचंय. मग त्या वाक्यावर लिफ्टवाल्यानं जी मेहनत घेतली ती बाकीच्या सगळ्या नाटकावर घेतली नसेल. एकेका अक्षराला घासून लख्ख केलं. त्याच्या तोंडून ते असं निघालं की धाकटीला स्वतःलाच क्षणभर वाटलं, खरंच, दुधाचं काय झालं असेल बिचाऱ्या.

आणि त्रेसष्ट माणसांत मराठी कळणारा एकच माणूस होता. तो दुसऱ्या रांगेत बसला होता. एकतीस वर्षं ज्या आवाजानं त्या माणसाला ओट्याकडे पळवलं, त्याच आवाजाची तीच चाल, तोच हेल. भाऊजी उठून उभे राहिले. विचार करून नव्हे, पाय उठले. उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठं आहोत, आणि आता बसायचं कसं ते न कळून ते तसेच ताठ उभे राहिले, हात बाजूला, डोळे समोर.

शेजारच्यानं पाहिलं. परक्या गावात माणूस काय करतो? दुसरा करेल ते करतो. शेजारच्याला वाटलं, या जागी उभं राहायची यांच्यात रीत असणार. तो उभा राहिला. मग त्याची बायको. मग रांग, मग मागची रांग. डॉक्टरणीचे पेशंट गालाला हात लावून उठले. औषधवाली उठली. खुर्च्या सरकल्याचा असा आवाज झाला की विंगेतल्या धाकटीनं डोळे मिटून घेतले. संपलं म्हणाली. चालले सगळे. मनातल्या मनात तिनं बॅगही भरायला घेतली, जड सामान खाली आणि साड्या वर.

पण पावलं वाजेनात. तिनं एक डोळा उघडला. हॉल भरून माणसं उभी, कुणी दाराकडे वळलेलं नाही, काहींनी टोप्या काढून हातात घेतलेल्या. स्टेजवर शिवणवाली, एक टाका न चुकता, आपल्या वाक्यावर आली. "मग शब्द राहू दे," ती म्हणाली. "नुसता बस." आणि लिफ्टवाला भाऊजींच्या बाकड्यावर तिच्याशेजारी बसला. अख्ख्या हॉलमध्ये बसलेली माणसं दोनच, आणि ती स्टेजवर. घंटी वाजली, गाडी आली, एकशे बारा तुकड्यांचा पडदा पडला. दोऱ्या उलट्याच बांधलेल्या होत्या, त्यामुळे तो परत वर गेला, आणि टाळ्या सुरूच राहिल्या.

मग माणसं येऊन धाकटीला सांगायला लागली. एका म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं की त्या परक्या वाक्यात भावानं देवाची क्षमा मागितली. पॅसेजमधल्या तिसऱ्या दारानं, म्हणजे त्या दारातल्या बाईनं, डोळे पुसत सांगितलं की आमच्याकडे अगदी हेच म्हणतात, अंत्यविधीला. एक पेशंट म्हणाला की त्याला शब्द कळले नाहीत पण त्याची आई आठवली. धाकटी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणाली. पोरांना अठ्ठावीस वर्षं चूक ती चूक म्हणून सांगणारी ही बाई, पण त्या दिवशी तिनं एकालाही दुरुस्त केलं नाही. लिफ्टवाला घामाघूम होऊन तिच्यापुढे उभा राहिला आणि विचारलं, एक तरी अक्षर गळलं का, मॅडम. ती म्हणाली, "नाही रे बाबा. एक अक्षरसुद्धा नाही." आणि त्याच्या कोपराएवढी ती बाई, वाचनालयाच्या बाईंच्या देखत, त्याच्या कोपराला धरून रडली.

राहिला गुरुवार. वाचनालयाच्या बाई रजिस्टर घेऊन आल्या. त्यांची अडचण मोठी होती. आल्या तेव्हा त्रेसष्ट. शेवटपर्यंत बसलेले, कोणी नाही. रजिस्टरला उठून गेले असा एक रकाना होता, पण उठून थांबले असा नव्हता. टेबल टेनिसवाले म्हणाले की नियम म्हणजे नियम, चाळीस बसायला पाहिजे होते. बाईंनी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतः शेवटी कुठं होतात. तेही उभे होते, आणि एकाच्या हातात बॅटऐवजी रुमाल होता. बाईंनी टेबलावर रजिस्टर ठेवलं, पट्टी घेतली, आणि सावकाश एक नवा रकाना आखला. त्यात त्रेसष्ट लिहिले. मग थोडा विचार करून खोडून चौसष्ट केले, कारण एक त्या स्वतः. आणि खाली गुरुवार लिहून सही केली. चौदा माणसांनी त्याच कागदावर आपली नावं घातली, पुढच्या नाटकात काम पाहिजे म्हणून. औषधवालीचं नाव पहिलं.

घरी जाताना भाऊजी दोन पावलं मागं चालत होते. कुलूप उघडताना, किल्लीकडे बघत, म्हणाले, "मग मंगळवारी बॅग किती वाजता उतरवू?"

"आत्ताच उतरवा," धाकटी म्हणाली. "पडदा ठेवायला काहीतरी पाहिजे. शिवणवालीच्या दुकानात मावत नाही."

"आणि तुझे कपडे?"

"कपाटात आहेत ना. तिथं काय त्यांना काटे टोचतायत?"

भाऊजी "बरं" म्हणाले. पण हे "बरं" दुसरंच होतं. ते स्टूल घ्यायलाही विसरले आणि उडी मारून त्यांनी माळ्यावरची बॅग ओढली, वयाच्या साठाव्या वर्षी.

झाली गोष्ट. सगळी खरी. आता एवढंच, की प्रयोगाचा व्हिडिओ भाऊजींनीच मला पाठवला, इंजिनियर माणूस, कुठं काय कापायचं ते कळत नाही. आणि मी तो कान देऊन ऐकला. दूध नव्हतं. दूध मी घातलं. त्या बुधवारी सकाळी ओट्यापाशी ती उभी होती हे खरं, पण वाजला होता तो भाऊजींचा फोन, आणि माझ्या धाकट्या जावेनं नवऱ्याला सांगितलं ते असं: "अहो, जाऊबाईंचा फोन असेल, सांगा मी आंघोळीला गेलेय, नाहीतर तासभर सोडायच्या नाहीत." हे तो लिफ्टवाला रडत रडत म्हणाला. हे ऐकून त्रेसष्ट माणसं उठून उभी राहिली आणि कुणाला देव आठवला, कुणाला आई. मी तासभर सोडत नाही हे मात्र साफ खोटं आहे. फार तर पाऊण तास.